जरीनाबाई लाइन तपासतात

घुग्घुसमध्ये कॉम्प्युटर फार वर्षं टिकत नाही. खाणीकडून येणारी काळी भुकटी आणि कारखान्याकडून येणारी पांढरी धूळ एकत्र होऊन डब्याच्या आतल्या पंख्यात जाऊन बसते, आणि मग तो पंखा दम लागल्यासारखा घरघरायला लागतो. जरीनाला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की चारांपैकी कोणता कॉम्प्युटर कण्हतो आहे हे ती पाठ करून बसली असली तरी सांगू शकायची. दर शुक्रवारी सकाळी ती झाकणं काढून रंगाच्या ब्रशने सगळं झाडून घ्यायची, आणि मग तोंडावर ओढणी असूनही तासभर शिंकत राहायची.

हे कॉम्प्युटर तिच्याकडे आले ते मुलामुळे. तिचा नवरा, शेख नवाब, मोटार वाइंडिंगचं काम करायचा. जळालेले पंप, पंखे, गिरणीच्या मोटारी यांची जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वार्निश लावून वाळवायची. मुलगा जाहिद दहावीत असताना नवाबने हौसेने कॉम्प्युटर घेऊन दिला. पुढे जाहिद नागपूरला पॉलिटेक्निकला गेला आणि कॉम्प्युटर घरीच राहिला, वर फुलांची नक्षी काढलेलं झाकण घालून. जरीना बारावी शिकलेली. चंद्रपूरच्या माहेरी असताना टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, मग लग्न झालं आणि बोटं पोळ्या लाटायला लागली. रिकाम्या दुपारी तिने ते झाकण काढलं. बोटांना अक्षरं अजून पाठ होती.

वर्षभरात दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात चार कॉम्प्युटर आले. पाटीवर 'नवाब मोटार वाइंडिंग'च्या खाली पेंटरने लाल अक्षरांत 'इंटरनेट मिळेल' असं लिहून दिलं. मागे वार्निशचा वास, पुढे पंख्यांची घरघर. शिफ्ट सुटली की खाणीतली माणसं मोटारसायकली लावून आत यायची. कुणाला रेल्वेचं रिझर्व्हेशन पाहिजे, कुणाला पोराचा निकाल, कुणाला नुसतंच "बाई, ते इंटरनेट दाखवा ना कसं असते." जरीना तेही दाखवायची.

इंटरनेट यायचं बापूरावांच्या तारेवरून. बापूराव हे गावाचे केबलवाले. टीव्हीची केबल त्यांचीच, गणपतीतले कार्यक्रम दाखवणारं गावचं चॅनेलही त्यांचंच. दोन हजार पाच साली त्यांनी त्याच खांबांवरून इंटरनेटच्या निळ्या तारा ओढल्या आणि एकेका मोहल्ल्यातली घरं जोडून टाकली. तारा ओढणारा माणूस म्हणजे धनराज. गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातला, ढिवराच्या घरचा. बाप डोमा तलावात मासे धरायचा, आणि धनराज चंद्रपूरला आयटीआय करून घुग्घुसच्या छतांवरून फिरायचा. पंचविशीचा, सडपातळ, बोलायला लागला की थांबायचा नाही. नवाबला तो भाऊ म्हणायचा, म्हणून जरीना त्याची भाभी.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. नवाब मागे एका पंपाच्या वाइंडिंगला बसला होता आणि जरीना डबा खात होती. अचानक प्रिंटर सुरू झाला. कुणी काही दाबलं नव्हतं, चारही खुर्च्या रिकाम्या. प्रिंटरने कागद ओढला आणि खर्रखर्र करत बाहेर टाकला.

"जरीना, ये क्या निकल रहा है?" नवाबने मागून विचारलं.

"माझं नाही," ती म्हणाली, आणि हात धुवायचं विसरून उठली.

कागदावर वर गणपतीचं चित्र होतं. खाली नाव : कु. आचल. मग उंची, वर्ण, रास, नाडी, शिक्षण, अपेक्षा : मुलगा निर्व्यसनी असावा. लग्नाचा बायोडाटा. आचल म्हणजे वरच्या आळीत राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या ताराबाईंची मुलगी. तिचा कागद इथे जरीनाच्या प्रिंटरमधून कसा निघाला?

नवाब तार हातात धरूनच पुढे आला, कागद दोन्ही बाजूंनी पाहिला आणि गंभीरपणे म्हणाला, "मशीन में कुछ घुस गया है." जरीनाला हसू आलं, पण मनातून ती घाबरली होती. आपल्याला न विचारता आपल्या दुकानात कुणीतरी येऊन गेलं, असं तिला वाटलं.

तिने धनराजला फोन केला. तो अर्ध्या तासात आला, खांद्यावर तारेची गुंडाळी तशीच. कागद पाहून तो इतका हसला की त्याला खुर्ची धरावी लागली.

"भाभी, हे भूतबित काई नाई. तुमचा प्रिंटर पूर्‍या लाइनीले दिसून राह्यला. तिकडच्या पोरीनं प्रिंट दाबलं, तिच्या घरी तर प्रिंटर नाई, मशीननं जो दिसला त्याले पाठवलं."

"म्हणजे तिच्या घरातून माझ्या घरात येता येते?"

"येते ना. सारे एकाच तारेवर आहेत."

"आणि माझ्या घरातून तिच्या घरात?"

धनराजने तारेची गुंडाळी खांद्यावरून खाली ठेवली. "तेबी येते," तो म्हणाला.

जरीना त्या दिवशी एवढंच म्हणाली, "मले शिकव."

धनराज जणू कुणी हे विचारण्याचीच वाट पाहत होता. नागपूरला सीताबर्डीवरून त्याने एक सीडी आणली होती, तिच्यात नेटवर्क तपासायची हत्यारं होती. केबलच्या ऑफिसात बसून तो एकटाच ती चालवून पाहायचा, पण सांगायला कुणी नव्हतं. बापूरावांना तार चालू आहे की बंद एवढ्याशीच मतलब होता. आता दुपारी दोन शिफ्टच्या मधल्या वेळात दुकान रिकामं असलं की तो यायचा, चहा व्हायचा, आणि जरीना काळ्या खिडकीसमोर बसायची. त्या खिडकीत चित्र नव्हतं, बाण नव्हता, नुसता एक पांढरा ठिपका लुकलुकायचा.

आधी तो पिंग शिकवायला बसला. दुसऱ्या मशीनचा पत्ता टाकायचा आणि हाक मारायची. मशीन जागं असेल तर ओ देते. जरीनाने पहिल्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला हाक मारली. चार ओळी उमटल्या. तिने उठून दुसऱ्याची तार उपटली आणि पुन्हा हाक मारली. या वेळी ओ आली नाही. तिने तार लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. धनराज चहा पीत पाहत राहिला.

मग तो म्हणाला, पत्ता म्हणजे घर, पण घराला दारं पुष्कळ असतात. कुठल्या दारातून वेबसाइट येते, कुठल्या दारातून फायली जातात-येतात, कुठल्या दारातून प्रिंटरचं काम. प्रत्येक दाराला नंबर. स्कॅन म्हणजे घरासमोरून जाताना कुठलं दार उघडं आहे, कुठलं बंद आहे एवढं पाहून घेणं. त्याच्या सीडीवरचा एनमॅप नावाचा प्रोग्राम हे काम करायचा. जरीनाने तो आपल्याच चार मशीनवर चालवला. एकशेएकोणचाळीस नंबरचं दार चारही ठिकाणी उघडं निघालं. त्याच दारातून आचलचा बायोडाटा आत आला होता. धनराजने ते कसं बंद करायचं ते दाखवलं, तिने स्वतःच्या हाताने बंद केलं, पुन्हा स्कॅन केलं, आणि पडद्यावर 'ओपन'च्या जागी 'क्लोज्ड' आलेलं पाहून तिला आतून असं काही बरं वाटलं की तिने नवाबला मागून बोलावून दाखवलं. नवाबला काही कळलं नाही. तो म्हणाला, "अच्छा है," आणि परत गेला.

इंग्रजी तिला जड जायचं. प्रोग्रामच्या मदतीच्या पानावरचे शब्द ती जाहिदच्या शाळेतल्या डिक्शनरीत शोधायची, आणि डिक्शनरीत 'पोर्ट' म्हणजे बंदर, 'होस्ट' म्हणजे यजमान असे अर्थ निघाले की दोघंही बुचकळ्यात पडायचे. मग धनराज करून पाहून अर्थ लावायचा आणि जरीना वाचून. असं करत पावसाळा निघून गेला.

एक गोष्ट धनराजने पहिल्याच दिवशी सांगितली होती. "भाभी, हे फक्त आपल्याच मशीनवर करायचं. दुसऱ्याच्या नाई."

जरीनाने मान डोलावली होती. पण पत्त्याचा शेवटचा आकडा बदलायला एक बोट पुरतं. दिवाळीच्या सुट्टीत धनराज गावी गेला होता, दुकानात सामसूम होती, आणि तिच्या मनात आलं, पूर्ण लाइनीवर कोण कोण आहे एवढंच पाहू. तिने चार मशीनच्या जागी लाइनीवरच्या सगळ्या पत्त्यांची ओळ टाकली आणि एंटर दाबलं.

पडदा भरून वाहायला लागला. एकामागून एक पत्ते, एकामागून एक नावं. माणसांनी आपापल्या कॉम्प्युटरला नावं दिली होती. कुणाचा 'राजा', कुणाचा 'कोलमाइन', कुणाचा 'पप्पू-पीसी'. एक दवाखाना, एक फोटो स्टुडिओ, दोन दुकानं. आणि जवळजवळ सगळ्यांचं तेच दार सताड उघडं. गावभर माणसं रात्री कडी लावून झोपत होती आणि इकडे सगळ्यांची दारं अशी उघडी. जरीना खुर्चीत सरकून बसली.

एका मशीनचं नाव 'आचल' होतं. तिने ते उघडलं. आत फोल्डर, फोल्डरात फोटो. एका फोटोत ताराबाई अंगणात पाटावर बसल्या आहेत, केस मोकळे, डोक्याला तेल लावून घेत आहेत, आणि कुणीतरी मागून फोटो काढल्यामुळे रागावून हसत आहेत. जरीनाने खटकन खिडकी बंद केली. ताराबाईंना तिने आजवर फक्त रस्त्यावर पाहिलं होतं, कडक इस्त्रीच्या साडीत, छत्री काखेत. त्यांच्या अंगणात आपण चपला घालून उभे राहिलो, असं तिला वाटलं.

हे त्यांना सांगितलं पाहिजे. आपण पाहिलं तसं उद्या दुसरा कुणी पाहील, आणि तो खिडकी बंद करणार नाही. हा विचार चुकीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी ती वरच्या आळीत गेली. ताराबाईंनी बसायला खुर्ची दिली, फराळाचं ताट आणलं. जरीनाने एक करंजी खाल्ली आणि सांगून टाकलं.

ताराबाईंचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे तुमी आमच्या कॉम्प्युटरमध्ये घुसल्या?"

"घुसली नाई बाई, उघडंच होतं."

"उघडं असलं म्हणून काय झालं? आमचं दार दिवसभर उघडंच राह्यते, म्हणून तुमी सरळ आतल्या खोलीत येसान काय? फोटो पाह्यले?"

जरीनाला खोटं बोलता आलं नाही. "एक पाह्यला."

ताराबाई उठून उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, पण शाळेत पोरं ज्या आवाजाने गप्प बसायची तो आवाज निघाला. "जा तुमी आता."

संध्याकाळी बापूराव स्वतः दुकानात आले. पांढरी सफारी, मनगटात जाड घड्याळ. नवाबने खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"नवाबभाई, तुमच्या घरून माझ्या लाइनीवर काय चालू आहे? मास्तरीणबाई म्हणून राह्यल्या की मी लोकाईच्या घरचे फोटो गावाले दाखवतो. उद्या लोकं कनेक्शन काढतीन. टेलिफोनवाल्याईचं ब्रॉडबँड येऊन राह्यलं चंद्रपूरले, मले कोन इचारीन?"

"बापूराव, चूक माझी आहे," जरीना म्हणाली. "यांना काही माहीत नाही."

"हे शिकवलं कोनं तुमाले?"

जरीनाने कुणाचं नाव घेतलं नाही. बापूराव निघून गेले. पाचच मिनिटांत चारही पडद्यांवर पान उघडेनासं झालं. तार बंद.

त्या आठवड्यात दुकानात कुणी आलं की जरीना म्हणायची, "लाइन बंद आहे." माणूस म्हणायचा, "काऊन?" ती म्हणायची, "दुरुस्ती चालू आहे." धनराज गावाहून आला तो थेट दुकानात. त्याला बातमी मोटारस्टँडवरच कळली होती.

"भाभी, तुमी माझं नाव काऊन नाई सांगतलं?"

"तुझी नोकरी गेली असती."

"मी सांगून आलो," धनराज म्हणाला. "म्हटलं, मीच शिकवलं. लय शिव्या देल्ल्या. पण काढलं नाई. छतावर चढाले दुसरा कोन भेटते त्याईले?"

नवाब मागून आला. हातात त्याने एक उघडी मोटार धरली होती, पोटातली तांब्याची वेटोळी दिसत होती. तो बाकावर बसला.

"जरीना, मी कुणाचा पंप उघडतो तेव्हा काय करतो?"

"काय करता?"

"मालकाला समोर बसवतो. म्हणतो, भाऊ, उघडू काय? तो हाव म्हणला की उघडतो. आतमध्ये काय जळालं ते त्याला दाखवतो. तू काम बरोबर केलं, पण मालकाला बसवलं नाही. आता जा आणि बापूरावाला बसव."

जरीनाने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आणि धनराज केबलच्या ऑफिसात गेले. बापूराव टीव्हीच्या भिंतीसमोर बसले होते, सहा पडद्यांवर सहा चॅनेल. जरीनाने आधी माफी मागितली, पुरी, आढेवेढे न घेता. मग म्हणाली, "आता तुमच्यासमोर, तुम्ही म्हणाल तर, एकदा दाखवते. तुम्ही नाही म्हणाल तर उठून जाते."

"दाखवा," ते म्हणाले.

तिने कुणाचं काही उघडलं नाही. नुसती यादी दाखवली : इतकी घरं, इतकी उघडी दारं. मग म्हणाली, "यात तुमचंही मशीन आहे." बापूरावांचं ऑफिसचं मशीन, ग्राहकांचे सगळे पत्ते आणि फोन ज्यात होते ते, यादीच्या अगदी वरच होतं. बापूराव वाकून पडद्याजवळ गेले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे पोरंबी पाहू शकतात?"

"ज्याले जमते तो पाहू शकते," धनराज म्हणाला.

बापूरावांनी चहा सांगितला. कप हातात आल्यावर म्हणाले, "मग करा ना बंद साऱ्याईचं. पण प्रत्येकाच्या घरी जाऊन, त्याले इचारून. मी चॅनेलवर पट्टी सोडतो. तुमची लाइनबी चालू करतो."

दुसऱ्या दिवसापासून गावच्या चॅनेलवर, सिनेमाच्या खालून, पट्टी धावायला लागली : आपल्या कॉम्प्युटरची सुरक्षा तपासणी मोफत, जरीनाबाई व धनराज घरी येतील, सहकार्य करावे. जरीनाने ती पट्टी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती भाजी चिरत होती. तिने नवाबला हाक मारली, तो येईपर्यंत पट्टी निघून गेली, मग दोघंही पुढच्या फेरीची वाट पाहत टीव्हीसमोर उभे राहिले.

घरोघरी जाणं तिला वाटलं होतं त्यापेक्षा फार गमतीचं निघालं. लोक आधी संशयाने पाहायचे, मग चहा ठेवायचे. प्रत्येक घरात ती आधी विचारायची, "उघडू काय?" घरच्या माणसाला शेजारी बसवायची. पासवर्ड घाला म्हटलं की लोक मोठ्याने पासवर्ड सांगायचे, आणि धनराज कानावर हात ठेवायचा. एका घरी बाईंनी स्वतःच्या नवऱ्याचं नाव पासवर्ड ठेवलं आणि मग ते टाइप करताना लाजल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आपले पेशंटचे रिपोर्ट उघडे होते हे कळल्यावर कपाळाला हात लावला, आणि पुढच्या महिन्यात जरीनाच्या दोन शिंकांकडे पाहून न मागता धुळीवरचं औषध लिहून दिलं.

पण सगळ्यांना हे नको होतं. खुशाल म्हणून खाणीतले एक ड्रेसर, म्हणजे छताचे सैल दगड पाडणारे कामगार होते, खाणीतच हाताला मार लागल्यापासून घरी बसलेले. त्यांनी दारातच हात जोडले.

"बाई, माझं बंद नका करू."

"काऊन?"

"मोहल्ल्यातल्या साऱ्याईची जुनी गाणी मी अशीच तर आयकतो. फोटो स्टुडिओवाल्याकडे लय गाणी आहेत. तो बंद करन, मी बंद करीन, मंग मी दिवसभर काय करू?"

जरीना आणि धनराज एकमेकांकडे पाहायला लागले. ही गोष्ट त्यांच्या डोक्यातच आली नव्हती. फोटो स्टुडिओवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, मला माहीतच नव्हतं कुणी ऐकते म्हणून, ऐकू द्या ना. पुढच्या दोन-चार घरीही तेच निघालं. पोरं एकमेकांचे सिनेमे घेत होती, आणि कुणाला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटलं असतं ते घरातल्या फोटोंचं.

मग ऑफिसात बसून तिघांनी तोड काढली. बापूरावांनी एक जुनं मशीन दिलं. त्यात गाण्यांचा एक सामायिक फोल्डर. ज्याला द्यायची त्याने त्यात गाणी टाकावी, ज्याला ऐकायची त्याने ऐकावी, बाकीची दारं ज्याची त्याने लावावी. खुशालभाऊंनीच त्या फोल्डरची देखभाल अंगावर घेतली. गायकाप्रमाणे, मग सिनेमाप्रमाणे, मग सालाप्रमाणे अशा तीन वेळा त्यांनी सगळी गाणी लावली आणि तिन्ही वेळा धनराजशी त्यावरून भांडले.

ताराबाईंचं घर जरीनाने शेवटी ठेवलं होतं. धनराज म्हणाला, मी एकटा जातो. ती म्हणाली, नाही, मीच येते. त्या दिवशी ताराबाईंनी दार उघडलं आणि बाजूला सरकल्या. आचल कॉम्प्युटरसमोर बसली होती. जरीना उंबऱ्याच्या आत आली आणि तिथेच थांबली.

"उघडू काय?" तिने विचारलं.

ताराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "आचल उघडीन," त्या म्हणाल्या. "तुमी तिले सांगा, ती करन."

मग तसंच झालं. जरीना मागे उभी राहून सांगत गेली आणि आचल करत गेली. पोरगी हुशार होती, तिने मधेच विचारलं, "पण काकू, तुम्हाला कळलं कसं आमचं उघडं आहे?" जरीनाने तिला काळी खिडकी दाखवली, पिंग दाखवला. आचलने शेजारच्या खोलीतल्या बापाच्या मशीनला हाक मारली आणि ओ आल्यावर ती हसली. ताराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ते पाहत होत्या. निघताना त्यांनी जरीनाच्या हातात कागदात बांधलेले चिवड्याचे पुडे ठेवले. दिवाळी होऊन महिना झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात बापूरावांनी रीतसर ठरवलं. महिन्यातून एकदा जरीनाने पूर्ण लाइन तपासायची, त्याचा मेहनताना ऑफिसातून मिळेल, आणि कनेक्शन घेणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगून त्याची सही घेतली जाईल. धनराज आणखी नवीन सीड्या आणत राहिला. बाहेरच्या एखाद्या साइटची माहिती तिला हात न लावता कशी काढायची, तिचं नाव कुणी, कधी, कुठून घेतलं हे कसं पाहायचं, हे दोघं मिळून शिकले. ते कामाला आलं तेही आपसूकच. शिफ्टवरून आलेला एखादा बाप विचारायचा, "बाई, पोराले नोकरी लागते म्हणून या साइटवर फारम भरून राह्यलो, खरी आहे काय?" जरीना पाहायची. साइट मागच्याच आठवड्यात जन्मली असेल, आणि पत्ता भलत्याच देशातला असेल, तर ती पडदा त्याच्याकडे फिरवून तारीख दाखवायची. काय करायचं ते तो ठरवायचा. बहुतेक जण घरी जायचे.

जाहिद एका ईदला घरी आला तेव्हा चौथ्या कॉम्प्युटरवर बसून म्हणाला, "अम्मी, कॉलेजात आम्हाला आता नेटवर्कचा पेपर आहे. पत्त्यांचे गट पाडायचा हा सबनेट काही समजत नाही." जरीना शीरखुर्म्याची वाटी ठेवून शेजारी बसली. थोडं तिला येत होतं, थोडं त्याच्या पुस्तकात होतं. नवाब नवीन कुर्ता घालून दारात उभा राहिला आणि म्हणाला, बाहेर लोक भेटायला आले आहेत, तुम्ही दोघं काय करून राहिलात? तरी त्यांना उठायला वेळ लागला.

तपासणीचा दिवस जरीनाला आवडायचा. घरची कामं ती लवकर उरकायची, कॉम्प्युटर झाडून घ्यायची, आणि मग धीम्या गतीने, लाइन तुंबू नये अशा बेताने, स्कॅन सोडायची. ओळी एकेक करून वर सरकायच्या. घरं आता ओळखीची झाली होती. 'राजा' बंद, 'कोलमाइन' बंद, 'पप्पू-पीसी' पुन्हा उघडा, म्हणजे पप्पूने पुन्हा विंडोज टाकलं असणार. अशाच एका सकाळी यादीत नवीन नाव दिसलं : 'गुलाब-होम'. दार उघडं होतं. धनराजच्या कागदावर नाव होतं, नवीन कनेक्शन, सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई, सही केलेली.

जरीनाने फोन उचलला.

"नमस्कार बाई, मी जरीना बोलते, केबलच्या ऑफिसकडून. तुमच्या कॉम्प्युटरचं एक काम होतं. तुम्ही घरी असाल तेव्हा यायचं होतं मला."

पलीकडून बाईंनी विचारलं, आता काय बिघडलं.

"काही नाही बिघडलं. चालू आहे सगळं. जरा जास्तच चालू आहे," जरीना म्हणाली, आणि पलीकडे बाई हसल्या. आताच या म्हणाल्या, ड्यूटी दुपारची आहे.

जरीनाने ओढणी नीट केली आणि मागे जाऊन नवाबला दुकानाकडे लक्ष ठेवायला सांगितलं. तो वार्निश लावत होता, त्याने ब्रश वर करून हो म्हटलं. बाहेर सकाळची शिफ्ट चढायला निघालेल्या मोटारसायकलींनी रस्ता भरला होता. त्यातला एक जण ओळखीचा होता, त्याने हॉर्न दिला. जरीना रस्त्याच्या कडेकडेने, धूळ चुकवत, दवाखान्याच्या क्वार्टरकडे चालायला लागली.